क्रमांक सत्त्याऐंशीचं पठार

माणसाचा स्वभाव कळायला निम्मं आयुष्य जातं; रंग मात्र फाटकातूनच दिसतो. लग्न जमवण्याच्या कामात जाणत्या लोकांनी रंगापासून सुरुवात केली ती एवढ्याचसाठी. वेळ वाचतो.

आमची दुर्ग-भिलाई वधू-वर परिचय समिती हे काम बरीच वर्षं निष्ठेने करत आली आहे. समिती कोणत्या समाजाची हे मी मुद्दाम सांगत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ती शेजारच्या समाजाची वाटेल, अशी माझी खात्री आहे. आमच्यातले निम्मे भिलाईच्या पोलाद प्लांटमधले, निम्मे रेल्वेतले. आजे-पणजे नागपूर-भंडाऱ्याकडून आलेले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी आणि भांडण दोन्हींत. मी समितीचा सहकार्यवाह. ठराव लिहिणं आणि मेळाव्यात चहा सगळ्यांना पुरतो की नाही ते बघणं, ही माझी दोन कामं. पहिल्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

समितीच्या फॉर्मात रंगाचा एक रकाना आहे. गोरा, निमगोरा, गहूवर्णी, सावळा. यांपैकी एक लिहायचं. आमच्या नोंदी खऱ्या धरल्या तर संपूर्ण दुर्ग जिल्ह्यात लग्नाच्या वयाचं सावळं माणूस आजवर आढळलेलं नाही. (एका गृहस्थाने मुलापुढे ‘सावळा’ लिहिलं होतं. चौकशी केली तेव्हा ते चष्मा घरी विसरून आले होते असं कळलं.) तरीही तक्रारी येत. गेल्या वर्षी तर रसमड्याकडचं एक कुटुंब भर सभेत येऊन म्हणालं, की निमगोरी म्हणून बघायला गेलो आणि निघाली माणसाच्या रंगाची.

समितीचे अध्यक्ष भाऊराव. रेल्वेतून निवृत्त, राहणार मोहन नगर, दुर्ग. डोक्यावर एक केस नाही आणि मनात एक शंका नाही. त्यांनी ही तक्रार फार मनाला लावून घेतली.

“इंजनाचं प्रेशर कोनी डोळ्यानं सांगते का?” ते बैठकीत म्हणाले. “गेज लावा लागते. मंग पोरापोरीले कावून गेज नाही?”

सगळ्यांनी माना हलवल्या. गेज कुठे मिळेल हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

त्याच बैठकीत कोपऱ्यात बसून प्रांजली उमेदवारांची नावं संगणकात भरत होती. श्यामराव आणि रुक्माताई यांची ही एकुलती एक मुलगी. श्यामराव प्लांटमध्ये, राहायला टाऊनशिपच्या क्वार्टरात. नावं भरून देण्याचं आश्वासन रुक्माताईंनी परस्पर दिलं होतं, कारण समितीच्या डोळ्यासमोर राहिलेली मुलगी लवकर खपते, असा त्यांचा समज होता. प्रांजली रसमड्याला एका कारखान्यात नोकरी करते. तिथे तिने केलेला प्रोग्राम पत्रे तपासतो. पत्र्यावर दिवा सोडायचा आणि फोटो काढायचा. फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. ठिपका किती उजळ आहे त्याचा एक आकडा असतो: ठार काळोखाला शून्य, पांढऱ्याफेक उजेडाला दोनशे पंचावन्न. प्रांजलीचा प्रोग्राम प्रत्येक ठिपक्यावर त्याच्या आकड्याएवढी उंची उभी करतो आणि त्या उंचीवर रंग चढवतो. तळाला निळा, मध्ये हिरवा, वर पिवळा, टोकाला लाल. झालं, सपाट फोटोचा डोंगराळ मुलूख होतो. पत्र्याला पोचा आला असेल तर तिथे दरी दिसते. साहेब दरीकडे बोट दाखवतात आणि पत्रा परत जातो.

भाऊरावांनी सहज विचारलं, “तू कारखान्यात काय करून राहिली वं सध्या?” तिने सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं म्हणून भिंतीवरच्या त्यांच्याच तसबिरीचा मोबाईलवर फोटो काढला आणि संगणकाला दिला.

पहिल्या खेपेला डोंगर उलटा आला. संगणक फोटोच्या ओळी वरून खाली मोजतो आणि आलेख खालून वर, असं तिने सांगितलं. भाऊराव म्हणाले, “ते ठीक हाय, पन मले उलटं कावून टांगलं?” तिने एक ओळ बदलली. भाऊराव सुलटे झाले. मग तिने तो मुलूख पडद्यावर हळूहळू फिरवून दाखवला. भुवयांच्या जागी दोन निळ्या घळी, मिशीच्या जागी नदीचं खोरं, आणि सगळ्याच्या वर, एकटं, लालबुंद, कोणालाही न जुमानणारं शिखर. टक्कल.

“हे मी हावो?” भाऊरावांनी विचारलं.

“हो काका.”

“एवढा उंच?”

त्या क्षणापासून समितीत विज्ञानाचं स्थान पक्कं झालं. यापुढे रंगाचा रकाना तोंडी माहितीवर भरायचा नाही, प्रत्येक उमेदवाराच्या फोटोचा असा रंगीत डोंगर काढायचा, सरासरी उंचीचा आकडा त्याखाली छापायचा आणि पक्षपात नको म्हणून नावाऐवजी फक्त क्रमांक द्यायचा, असा ठराव मी त्याच बैठकीत लिहिला.

प्रांजली उठून उभी राहिली. “काका, हा रंग नाही जी. हा उजेड आहे. लाईट कुठून पडून राहिला, तेवढंच दिसते याच्यात.”

“पन आकडा तं येते ना?” भाऊराव म्हणाले.

“आकडा येते.”

“मंग झालं.”

इतिवृत्तात मी लिहिलं: कु. प्रांजली यांनी मोलाची हरकत घेतली, त्याबद्दल समिती त्यांची ऋणी आहे. हरकत फेटाळण्यात आली.

तरी तिने प्रोग्राम करून दिला. का दिला, हे मी तिला पुढे एकदा विचारलं. ती म्हणाली, “मले वाटलं, एकदा हे डोंगर पाहिले का लोक हसतीन आन् तो रकाना बंद पडन. लोक हसलेच नाही, काका.”

खरंच कोणी हसलं नाही. उलट समाजात जागृती झाली. डोक्यावरचे दाट केस म्हणजे निळा खड्डा आणि खड्ड्याने सरासरी खाली येते, हे लक्षात येताच लांबसडक केसांच्या मुली मागे पडल्या आणि टक्कल पडू लागलेले वर आयुष्यात प्रथमच मान वर करून हिंडू लागले. मिशा उतरल्या. बिजवरांच्या गटात कलप लावणं जवळजवळ थांबलं; पिकलेल्या केसांना चांगली उंची मिळते. दात दाखवून हसणाऱ्याला जादा आकडा मिळतो हे कुठूनसं फुटलं, आणि त्या वर्षीचे आमचे सगळे उमेदवार फोटोत दाढदुखी झाल्यासारखे ओठ फाकवून बसलेले आहेत. कुम्हारीच्या एकाच्या चष्म्याच्या काचांवर फ्लॅश चमकला आणि त्याला दोन फुकट शिखरं मिळाली. मुलीकडच्यांचे त्याला सात फोन आले. (चष्मा काढून बघायची मागणी एकानेही केली नाही.)

सुपेल्यात गुड्डूचा फोटो स्टुडिओ आहे. आमच्या ठरावाची बातमी लागताच त्याने बाहेर पाटी लावली: ‘यहाँ शादी के लिए पहाड़ वाला फोटो खींचा जाता है.’ समोर दोन दिवे, बाजूला एक आणि हनुवटीखाली पांढरा थर्माकोल. एका काकूंनी तर प्रांजलीकडे येऊन विचारलं, की डोंगरावर हे बारीक बारीक टेंगळं दिसून राहिले, ते घासता येतीन का? प्रोग्राममध्ये शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून खडबडीतपणा घालवणारी एक ओळ असते. प्रांजलीने ती ओळ चालू केली. काकूंच्या मुलीच्या मुरमांबरोबर नाकही गेलं. काकू समाधानाने परत गेल्या.

आता या सगळ्यात रुक्माताईंचं काय चाललं होतं, ते सांगितलं पाहिजे. प्रांजलीला बघायला तोवर सहा घरं येऊन गेली होती. सहाही घरांनी पोहे खाल्ले, पोह्यांची तारीफ केली आणि ‘कळवतो’ म्हणून निघून गेली. (अजून कोणी कळवलेलं नाही. समिती आशावादी आहे.) सहाव्या वेळेनंतर रुक्माताई रात्री जेवल्या नाहीत, असं श्यामरावांनी मला सांगितलं. प्रांजली जेवली. जेवताना ती एकच वाक्य बोलली, “आई, पुढच्या वेळी मले बाहेर बोलवूच नको. त्याइले पोहेच पायजे होते.”

तरी मेळाव्यासाठी रुक्माताईंनी तिचा फॉर्म भरला. क्रमांक सत्त्याऐंशी. फोटो तेवढा राहिला होता.

“फोटो दे वं तुहा,” त्या रोज म्हणत.

“देतो,” प्रांजली रोज म्हणे.

शेवटच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात चहा घेत होती. दिवाळीत श्यामरावांनी स्वतः त्या भिंतीला चुना मारला होता. खिडकीतून ऊन थेट भिंतीवर पडलं होतं. प्रांजलीने मोबाईल उचलला, भिंतीचा फोटो काढला आणि सत्त्याऐंशीच्या जागी टाकून दिला. त्या वेळी तिच्या मनात काय होतं? ती म्हणाली, “काही नाही. थकली होती मी. म्हटलं, सातव्या वेळी भिंतीले पाहू द्या.”

दुसऱ्या दिवशी सगळे डोंगर छापून समितीत आले. शंभरावर कागद, घळी, टेकड्या, नाकांचे सुळके. आणि त्यांत एक सत्त्याऐंशी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लालभडक, गुळगुळीत पठार. नाक नाही, डोळे नाहीत, केस नाहीत, मत नाही. भाऊरावांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला आणि उजेडाकडे केला.

“असं स्थळ,” ते म्हणाले, “माह्या हयातीत आलं नाही.”

कागद घरोघर गेले. सत्त्याऐंशीला एक्केचाळीस स्थळांनी पसंती कळवली. समितीच्या इतिहासात एवढी मागणी कोणालाच आलेली नव्हती. (याआधीचा मान एका बँकेतल्या मुलाचा होता, आणि त्याचं भिलाईत स्वतःचं घर होतं.)

प्रांजली माझ्याकडे आली. “काका, सत्त्याऐंशी मी हावो. पन तो फोटो आमच्या भिंतीचा हाय. अध्यक्षांले सांगा.”

मी भाऊरावांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आकडा किती हाय?”

“दोनशे अठ्ठेचाळीस.”

“मंग भिंत कावून म्हनता जी?” भाऊराव म्हणाले. “चांगल्या घरची हाय म्हना.”

मेळावा रविवारी दुपारी भरला. टाऊनशिपच्या एका सेक्टरातलं सभागृह, निळ्या खुर्च्या, स्टेजवर हार घातलेले पाहुणे, एका बाजूला संगणकापाशी प्रांजली आणि दुसऱ्या बाजूला चहापाशी मी. एक्केचाळीस स्थळांपैकी पहिला मान ठकूबाईंना होता, कारण त्या दारं उघडण्याआधीच येऊन बसल्या होत्या. ठकूबाई कुम्हारीच्या. मुलगा राजदीप रेल्वेत, सिग्नल खात्यात. बाईंनी सत्त्याऐंशीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता आणि पठाराच्या बरोबर मधोमध हळदकुंकू लावलेलं होतं.

“क्रमांक सत्त्याऐंशी,” भाऊरावांनी माईकवरून पुकारलं.

प्रांजली संगणकामागून उठली आणि ठकूबाईंसमोर येऊन उभी राहिली. ठकूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“हे तू हायेस?”

“नाही काकू. ते आमच्या स्वयंपाकघराची भिंत हाय. दिवाळीत बाबांनी चुना मारला होता.”

मागच्या रांगेत रुक्माताईंनी पदर तोंडाशी धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लाजेचं की रागाचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ठकूबाई मात्र व्यवहारी बाई. त्यांनी थोडा विचार केला. “भिंत कोनाच्या घरची?”

“आमच्याच.”

“आन् तू?”

“मीपन तिथलीच.”

“मंग एकाच घरात एवढा फरक कावून?”

त्या वेळी सबंध सभागृहात एक माणूस हसला. मोठ्याने, खळखळून, खुर्चीला धरून. तो राजदीप होता. आईने त्याच्याकडे वळून पाहिलं तेव्हा त्याने रुमालाने तोंड झाकलं, पण खांदे हलतच राहिले.

प्रांजलीने त्याच्याकडे पाहिलं, मग ठकूबाईंचा हात धरला. “या काकू, तुमाले दाखवतो.”

सभागृहाला पश्चिमेकडे एकच खिडकी आहे. तिथून दुपारचं ऊन एका खुर्चीवर पडलं होतं. प्रांजलीने दुसरी खुर्ची आत, सावलीला ठेवली. ठकूबाईंना सावलीत बसवलं, स्वतः खिडकीपाशी बसली आणि दोघींचा एकत्र फोटो काढून पडद्यावर डोंगर उभे केले. खिडकीकडचा डोंगर उंच लाल, सावलीतला बसका निळा.

“उंच वाली मी,” ठकूबाई ताबडतोब म्हणाल्या.

“नाही काकू. उंच वाली मी.”

“तुमची मशीन बिघडली हाय.”

“मंग खुर्ची बदलू.”

खुर्च्या बदलल्या. पुन्हा फोटो. या वेळी ठकूबाईंचा डोंगर पडद्याच्या वरच्या कडेला टेकला आणि प्रांजली निळ्यात गेली. “पाहा,” प्रांजली सभेकडे वळून म्हणाली, “चेहरे तेच हायेत. खुर्ची फक्त बदलली.”

मुद्दा इतका स्पष्ट होता की तो सभागृहातल्या प्रत्येकाला तत्काळ कळला. ठकूबाई पडद्यावरच्या आपल्या लाल शिखराकडे एकटक बघत राहिल्या आणि त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

“आता मी इथून उठत नाही,” त्या म्हणाल्या.

मग रांग लागली. आधी मुलांच्या आया, मग मुलींच्या आया, मग वडील, मग उमेदवार. प्रत्येकाला त्या खुर्चीतला फोटो हवा होता. ठकूबाई उठायला तयार नव्हत्या. ऊन सरकत होतं, तशी ढकलाढकली वाढली. भाऊराव रांगेला शिस्त लावता लावता स्वतः तिसऱ्या क्रमांकावर उभे राहिले. चहाकडे कोणी फिरकेना, तेव्हा फक्त दोन माणसं माझ्या टेबलापाशी आली. प्रांजली आणि राजदीप. मी कप मोजत होतो. त्यामुळे पुढचं बोलणं मला ऐकावं लागलं.

“हसल्याबद्दल सॉरी,” राजदीप म्हणाला. “मस्त होतं पन.”

“तुमी एकटेच हसले.”

“बाकी लोक सीरियस हायेत.”

ती थोडं हसली. मग तिने विचारलं, “एक्केचाळीस लोकांत तुमीपन होते ना?”

“हो.”

“चार्ट पाहिला होता?”

राजदीपने कप खाली ठेवला. “आईनं दाखवला. मी ड्यूटीवर निघालो होतो. बोललो, ठीक है.”

“पाहिल्याबिगर?”

“पाहिल्याबिगर.”

“मंग तुमीपन भिंतच हाव,” प्रांजली म्हणाली. आवाजात राग नव्हता. पत्रा तपासून झाल्यावर ती बहुधा असंच सांगत असावी.

तो गोरामोरा झाला. बाजू मांडायचा त्याने प्रयत्न केला नाही. “खरं हाय,” तो म्हणाला. “आता काय करू?”

“आता आईले खुर्चीवरून उठवा आन् घरी न्या. यायचं असन तं स्वतःहून या. कोनी दाखवलं म्हनून नका येऊ.”

पुढचं मला श्यामरावांनी सांगितलं. पुढच्या रविवारी राजदीप बाईकवरून एकटाच क्वार्टरात आला. रुक्माताईंनी सवयीने पोहे केले आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ‘कळवतो’ची वाट बघू लागल्या. राजदीपने पोहे संपवले, हात धुतला आणि श्यामरावांसमोर उभा राहिला.

“काका, मले पसंत हाय. पन माह्या पसंतीनं काही होत नाही. हे सांगन तवा.”

सगळ्यांनी प्रांजलीकडे पाहिलं.

“कळवतो,” प्रांजली म्हणाली.

रुक्माताईंच्या हातातली बशी पडता पडता वाचली. सहा घरांनी ऐकवलेला तो शब्द त्यांच्या स्वतःच्या घरातून बाहेर पडताना त्या प्रथमच ऐकत होत्या, आणि श्यामराव सांगतात की त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

प्रांजलीने तीन महिने कळवलं नाही. राजदीप सुट्टीच्या दिवशी येई, पोहे खाई, गप्पा मारी आणि परत जाई. कधी दोघं मैत्रीबागेत जात, कधी भांडत. एकदा तर तो महिनाभर फिरकला नाही. ठकूबाईंनी या काळात आणखी दोन स्थळं बघितली आणि दोन्ही ठिकाणी खिडकी कुठे आहे ते आधी विचारलं. पुढच्या मेळाव्याच्या नोंदणीत प्रांजली आणि राजदीप दोघांचीही नावं नव्हती. कारण विचारण्याचा समितीला अधिकार नाही. साखरपुड्याचे पेढे मात्र समितीने एकमताने स्वीकारले.

समितीचं काम थांबलेलं नाही. प्रांजलीने आपला प्रोग्राम काढून घेतला; भाऊरावांनी रायपूरहून दुसरा आणला. या वर्षीपासून उमेदवाराचा फोटो अधिकृत खिडकीतच काढायचा, खुर्ची समितीची राहील आणि पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांना दुपारी तीनची वेळ राखीव असेल, असे तीन ठराव मी लिहिले आहेत. मोजमाप आता पूर्वीपेक्षा कितीतरी शास्त्रशुद्ध झालं आहे.

आता दोन शब्द वाचकांशी. प्रांजली गोरी की सावळी, हे मी या सबंध हकिगतीत एकदाही लिहिलेलं नाही. वाटल्यास परत वाचून बघा. सहा घरं ‘कळवतो’ म्हणून गेली, एवढंच सांगितलं. कशामुळे, ते मलाही ठाऊक नाही. तरी तुम्ही तिला केव्हाच रंगवून मोकळे झालात. आणि त्यासाठी तुम्हाला फोटो लागला नाही, दिवा लागला नाही, प्रोग्रामही लागला नाही. असं कौशल्य आमच्या भाऊरावांकडेसुद्धा नाही.

समितीत दोन जागा रिकाम्या आहेत. अर्ज करायची गरज नाही. तुमची निवड झालेली आहे.